जुन्या ड्रमवरचा बिल्ला पुन्हा बसवताना

ड्रमच्या शेलवरचा, म्हणजे त्याच्या गोल घेरावरचा, धातूचा बिल्ला कारखान्याचे नाव सांगतो हे सर्वांना दिसते. पुष्कळ जुन्या ड्रममध्ये त्याला दुसरेही काम असते. काठी पडली की वरचे पान, म्हणजे वाजवायचा ताणलेला पडदा, आत दबते आणि आतल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. त्यासाठी शेलला साधारण 10 ते 13 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडलेले असते. त्या भोकात पितळेची आखूड नळी, म्हणजे आयलेट, बसवतात आणि बिल्ला त्याच आयलेटच्या कडेखाली दाबून धरलेला असतो. बिल्ला निखळला की भोकाची लाकडी कडा उघडी पडते, तिचे थर सुटू लागतात, वरच्या प्लास्टिकच्या आवरणाला तिथूनच तडा जातो. ड्रम कोणाचा, कोणत्या काळातला, हे सांगणारा सर्वांत सोपा पुरावाही हरवतो. म्हणून हे काम सजावटीचे मानू नये. ते दुरुस्तीचे काम आहे आणि दुरुस्तीचे सगळे नियम त्याला लागू होतात.

अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाश्चात्त्य धाटणीचे ड्रम अनेक वाटांनी आले. नगर शहराला मोठी लष्करी छावणी आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर या दोन्ही संस्था येथेच आहेत, आणि लष्कर म्हटले की बँड आलाच. दुसरी वाट मिशनऱ्यांची: अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आले, साल्व्हेशन आर्मीचे इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटलही शहरात आहे. लग्नाच्या वरातीतल्या बँड कंपन्या, शाळांची संचलन पथके आणि संगमनेरसारख्या गावांशी नाते सांगणारे तमाशाचे फड यांच्याकडेही साइड ड्रम, बेस ड्रम किंवा पूर्ण ड्रमसेट असतो. यातले बरेच ड्रम मेरठच्या जाली कोठी भागातून येतात. बँडच्या वाद्यांचा तो देशातला मोठा बाजार, आणि तिथली नादिर अली कंपनी 1885 पासून या धंद्यात आहे. विलायती ड्रममध्ये 1922 साली लंडनमध्ये सुरू झालेली प्रीमियर, 1930 मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन झालेली बूझी अँड हॉक्स आणि तिचा अ‍ॅजॅक्स हा छाप, तसेच अमेरिकेच्या लुडविग आणि ग्रेच यांची नावे जुन्या वाद्यांवर वाचायला मिळतात.

फडाचे किंवा बँडचे ड्रम घरात बसून राहत नाहीत. चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या दिवसांत ते ट्रकच्या हौद्यात रोज नव्या गावी जातात. रस्त्याचे हादरे, उन्हात तापलेला पत्रा आणि रात्रीचा गारवा यांत आयलेट सैल होते, बिल्ला आधी खुळखुळतो आणि मग एका मुक्कामी सापडत नाही. खुळखुळ सुरू झाली त्याच दिवशी बिल्ल्यावर कागदी चिकटपट्टी लावून ठेवली तर पुढचे निम्मे काम वाचते. ही पट्टी बिल्ला आणि शेल दोन्हींवर येईल अशी लावावी, पण आठवड्याभरापेक्षा जास्त ठेवू नये, कारण उष्णतेने तिचा डिंक आवरणावर उतरतो.

लष्करी साइड ड्रमवर रेजिमेंटचे चिन्ह आणि युद्धसन्मान बहुधा रंगवलेले असतात. तिथे बिल्ला बसवण्याचा प्रश्न नसतो. ते काम रंगकाम जाणणाऱ्याचे आहे, येथे विचार फक्त धातूच्या बिल्ल्याचा केला आहे.

आधी पाहणी

पहिले पाऊल म्हणजे दोन्ही बाजूंची पाने उतरवून शेलच्या आत विजेरीने पाहणे. बिल्ला मुळात कसा धरला होता हे आतूनच कळते. भोकाभोवती आत उमललेली पितळेची कड किंवा तिचा गोल ठसा असेल तर तो आयलेटचा बिल्ला. बाहेर दोन किंवा चार बारीक छिद्रे आणि आत काहीच नसेल तर तो पितळी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेला. छिद्र नाही, फक्त डिंकाचा डाग आहे, तर तो चिकटवलेला पातळ पत्र्याचा बिल्ला. मेरठच्या काही ड्रमवर बिल्ला भोकापासून लांब, नुसत्या रिबिटांनीही बसवलेला आढळतो. मूळची पद्धत कोणतीही असो, बिल्ला त्याच पद्धतीने आणि त्याच छिद्रांतून परत बसवावा. नवीन छिद्र पाडणे हा या कामातला सर्वांत मोठा अपराध आहे, कारण ते कधीही बुजवून पहिल्यासारखे होत नाही.

पाहणीच्या वेळी आतले शिक्के, तारखा, पेन्सिलीच्या खुणा यांचे फोटो काढून ठेवावेत. लुडविगच्या साठच्या दशकातल्या अनेक ड्रमवर आत तारखेचा शिक्का असतो, 1963 च्या सुमारास बिल्ल्यावर अनुक्रमांक येऊ लागला. ग्रेचचा गोल बिल्ला 1970 च्या दशकाच्या आरंभी जाऊन अष्टकोनी आला. म्हणजे बिल्ल्याचा आकार आणि आतला शिक्का एकमेकांशी जुळतात का, हे पाहता येते. जुळत नसतील तर बिल्ला दुसऱ्या ड्रमचा असण्याची शक्यता आधीच लक्षात घ्यावी.

बिल्ल्याखाली आवरणाचा किंवा लाकडाचा मूळ रंग न उडता राहिलेला असतो. त्या फिक्या-गडद सीमेवरून बिल्ल्याची दिशा आणि तिरपेपणा नेमका कळतो. ती सीमा पुसेपर्यंत साफसफाई करू नये. बिल्ला त्याच सीमेत बसला तर ड्रम दुरुस्त झाल्याचे सहसा ओळखूही येत नाही.

सफाईतले धोके

साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ड्रमवरचे मोत्यासारखे चमकणारे आवरण सेल्युलॉइडचे आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते अ‍ॅसिटोनमध्ये आणि रंगाच्या थिनरमध्ये विरघळते आणि ठिणगी लागली तर झपाट्याने पेट घेते. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण, थिनर, गरम हवेची बंदूक आणि डाग देण्याची इस्त्री या चारही गोष्टी अशा ड्रमजवळ आणूच नयेत. जुना डिंक काढायचा असेल तर पांढऱ्या पेट्रोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा वापरावा. तोसुद्धा आधी एखाद्या लगच्या, म्हणजे ताण देणारा स्क्रू धरणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, खाली लपलेल्या जागी करून पाहावा, उघड्या दारात आणि जवळपास ज्योत नसताना. शेलला आवरण नसून लाखेचे फ्रेंच पॉलिश असेल तर स्पिरिट वर्ज्य, कारण लाख स्पिरिटमध्येच विरघळते. अशा शेलला कोरडे मऊ फडके पुरते.

बिल्ल्याबाबत सगळ्यात जास्त नुकसान ब्रासोने होते. छावणीच्या गावात पितळ म्हटले की हात आपोआप ब्रासोकडे जातो. पण बिल्ल्याच्या अक्षरांत भरलेला काळा, लाल किंवा निळा रंग अशा पॉलिशने निघून जातो आणि उठाव झिजतो. पितळ घासण्याच्या पारंपरिक पॉलिशमध्ये अमोनिया असतो, तो तर दुहेरी घातक आहे. याचे कारण हिंदुस्थानातल्याच एका जुन्या लष्करी घटनेतून कळले. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात, आणि पावसाळा संपल्यावर पाहिले तर अनेक काडतुसांच्या नळ्यांना तडे गेलेले असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून-ठोकून घडवलेल्या पितळात साठलेला ताण यांच्या संयोगाने हे तडे जातात, हा खुलासा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये केला. ठोकून उमलवलेली आयलेटची कड अगदी त्याच अवस्थेत असते. ती अमोनियाने पुसली, आणि पॉलिशचा अंश कडेखाली राहिला, की काही महिन्यांनी कड फुलाच्या पाकळीसारखी फाटते. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ दातघासणी एवढ्यावर बिल्ल्याची सफाई थांबवावी. पितळावर आलेला तपकिरी रंग हा घाण नाही, ते त्याचे वय आहे, आणि जुन्या वाद्यांचे जाणकार त्याच रंगाला किंमत देतात.

आयलेटचा बिल्ला

बिल्ला जाग्यावर आहे पण आयलेट फाटले आहे, असे असेल तर आधी जुने आयलेट काढावे लागते. बाहेरून पक्कड लावून ते ओढले तर बिल्ला वाकतो आणि आवरणाचा टवका उडतो. आतली उमललेली कड गोल बारीक कानशीने हळूहळू घासावी किंवा टोकदार पकडीने सरळ करावी, म्हणजे नळी बाहेरच्या दिशेला सहज ढकलता येते. ड्रिल लावण्याचा मोह टाळावा. ड्रिल अडकले की आयलेटसह बिल्ला गरकन फिरतो आणि त्याच्या कडेने आवरणावर वर्तुळाकार ओरखडा उठतो.

नवे आयलेट मिळवणे हा नगरसारख्या ठिकाणी खरा प्रश्न आहे. फ्लेक्सच्या बॅनरला दोरी ओवण्यासाठी लावतात ती आयलेटे कोणत्याही छपाईच्या दुकानात मिळतात, पण त्यांची नळी फार आखूड असते. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पितळी किंवा पोलादी शेलला ती चालू शकतात. लाकडी शेलची जाडी बहुधा 6 मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे ती पोचतच नाहीत. त्यासाठी नागापूर एमआयडीसीतल्या किंवा गावातल्या लेथच्या कारखान्यात आयलेट करून घ्यावे. लांबीचा हिशेब सोपा आहे: शेलची जाडी, अधिक बिल्ल्याची जाडी, अधिक उमलण्यासाठी सुमारे अडीच मिलिमीटर. सहा मिलिमीटरच्या शेलला हे साधारण नऊ ते साडेनऊ मिलिमीटर भरते. जाडी अंदाजाने धरू नये, व्हर्नियरने मोजावी आणि ती भोकाजवळच मोजावी, कारण काठाशी आत जादा लाकडी कडे असेल तर तिथले माप चुकते.

लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. लेथवर कापण्यासाठी जी पितळेची सळई सर्रास वापरतात तिच्यात शिसे मिसळलेले असते. ती कापायला सुरेख, पण उमलवायला नाठाळ, लगेच चिरते. शक्य असेल तर साध्या पितळाच्या नळीपासून आयलेट करावे. सळईचेच करावे लागले तर उमलायच्या टोकाशी भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ ठेवावी. दोन्ही प्रकारांत आयलेट बसवण्यापूर्वी मऊ करून घ्यावे. ते चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवायचे आणि पाण्यात सोडायचे. पोलाद असे विझवले तर कडक होते, पितळ मात्र मऊच राहते. कोणताही सोनार हे काम क्षणात करून देतो. अर्थात हे ड्रमपासून लांब, दुसऱ्या खोलीत करावे.

बसवताना हातोडीपेक्षा बोल्ट बरा. बारा-चौदा इंची शेलच्या आत हातोडी नीट फिरत नाही आणि एक घाव चुकला तर आतले लाकूड दबते. 6 मिलिमीटरचा बोल्ट, बाहेरच्या कडेला बसेल असा खोलगट वॉशर आणि आतून नळीत शिरणारा धातूचा शंकू, एवढी अवजारे त्याच लेथवर करून घेता येतात. आयलेट बाहेरून बिल्ल्यातून आणि भोकातून आत घालावे, बाहेरच्या वॉशरखाली चामड्याची चकती ठेवावी, आतून शंकू लावून नट पान्याने थोडा थोडा आवळावा. दर अर्ध्या फेऱ्यानंतर थांबून बिल्ला सरळ आहे ना हे पाहावे. कड उमलू लागली की शंकू काढून गोलसर टोकाचा तुकडा लावावा आणि कड लाकडावर निजवावी. आतल्या भोकाची कडा झिजली असेल तर कडेखाली पातळ पितळी वॉशर घालावा. भोक मोठे करून मापात बसवण्याचा विचार मनात आणू नये. भोकच मोठे झालेले असेल तर आयलेटचा बाहेरचा व्यास वाढवून घ्यावा.

आवळणे कुठे थांबवायचे, हे बोटाला कळते. बिल्ला अंगठ्याने फिरवून पाहिला तर फिरू नये, पण त्याच्याभोवतीचे आवरण आत दबलेलेही दिसू नये. आवळताना हवेतला ओलावाही लक्षात घ्यावा. नगर शहर पर्जन्यछायेत आहे, वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस. याच जिल्ह्यातले अकोले तालुक्यातले घाटघर मात्र जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणून ओळखले जाते. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पितळ तसे करत नाही. एप्रिल-मेमध्ये कोरड्या ठणठणीत लाकडावर कचकचून आवळलेले आयलेट जुलैत फुगलेल्या शेलला चावते. भर पावसात बसवलेले होळीपर्यंत सैल होते. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला सर्वांत योग्य, आणि यात्रांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ते आटोपतेही.

चुकांनी ठोकलेला बिल्ला

इथे दोष बहुतेक वेळा बिल्ल्याचा नसतो, छिद्रांचा असतो. चुका एकदा निघाल्या, कोणीतरी जाड खिळे ठोकले, तेही निघाले, आणि लाकडात नुसते खळगे उरले. अशा खळग्यांत अगरबत्तीची बांबूची काडी तासून, लाकडाच्या डिंकात बुडवून घट्ट बसवावी. अगरबत्तीचा मसाला आधी पूर्ण खरवडावा. चोवीस तास वाळल्यावर काडी धारदार पात्याने पृष्ठभागाशी सपाट कापावी. मग चुकेपेक्षा बारीक, साधारण 0.8 मिलिमीटरच्या बिटाने, हातानेच फिरवून वाट करावी. चूक शेलच्या जाडीपेक्षा आखूड हवी. आत निघालेले टोक वाजवताना हाताला लागत नसले तरी लाकडाचा आतला थर उचलते. लांब चुकांची टोके कापून कानशीने पुन्हा अणकुचीदार करता येतात.

ठोकताना शेलच्या आत जड लोखंडी ठोकळा दुसऱ्या माणसाने धरावा. ठोकळ्यावर फडके असावे. आधाराशिवाय ठोकले तर शेल उसळते आणि चूक वाकते. चूक बोटांत धरण्याऐवजी जाड पुठ्ठ्याला चीर पाडून तीत धरली की हातोडी निसटली तरी मार पुठ्ठ्यावर जातो.

चिकटवण्याचा मोह

निखळलेल्या बिल्ल्यामागे फेव्हिक्विक लावून मोकळे होणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट दुरुस्ती. हा डिंक वाळल्यावर ठिसूळ होतो, ड्रमचे हादरे त्याला सोसत नाहीत, वाळताना त्याची वाफ आजूबाजूच्या चकचकीत आवरणावर पांढुरकी छटा सोडते. अरलडाइट सुटत नाही हे खरे, पण मग बिल्ला कधीच सुटत नाही. पुढच्या दुरुस्तीला तो काढायचा तर आवरणासकट निघतो. ज्या बिल्ल्याला आयलेटचे भोक आहे त्याला कोणताही डिंक लावू नये, आणि आयलेटच्या जागी बिल्ला चिकटवून हवेचे भोक बुजवणे तर नकोच. भोक बुजले की ड्रमचा नाद कोंदतो.

मुळात चिकटवलेल्याच बिल्ल्यासाठी अ‍ॅक्रिलिक डिंकाची पातळ दुहेरी टेप वापरावी. फोमची जाड टेप कडा उचलून धरते, आणि रबरी डिंकाची टेप नगरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ओघळते. सिलिकॉन वापरायचेच तर व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये. त्यातून सुटणारे आम्ल पितळाला हिरवे करते. बिनवासाचे, न्यूट्रल प्रकारचे मिळते, त्याचे दोन-तीन ठिपके पुरतात.

गोलाई आणि नकली बिल्ले

पद्धत कोणतीही असली तरी बिल्ला शेलच्या गोलाईत बसला पाहिजे. 22 इंची बेस ड्रमचा बिल्ला 14 इंची स्नेअरवर, म्हणजे खालच्या पानाला तारा लावलेल्या ड्रमवर, ठेवला की त्याची दोन टोके वर राहतात. ती टोके वादकाच्या बाहीत, ड्रम झाकायच्या कापडात अडकतात आणि तिथूनच बिल्ला पुन्हा उखडतो. साधा पितळी बिल्ला फडक्यात गुंडाळून त्याच शेलवर अंगठ्यांनी दाबत दाबत वळवता येतो. मीनाकारीचा, म्हणजे काचेसारखा रंग भाजून भरलेला बिल्ला वळवू नये. तो टिचतो आणि टिचलेली मीना दुरुस्त होत नाही. त्याच्या मागे शेलच्या गोलाईचा चामड्याचा पातळ तुकडा घालावा.

मूळ बिल्ला कायमचा हरवला असेल तर नकली बिल्ले विकत मिळतात. वाजवण्याच्या ड्रमवर ते लावायला हरकत नाही, मात्र आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालून बिल्ला नवा असल्याची नोंद करावी. मेरठच्या शेलवर लुडविगचा बिल्ला लावून तो विकणे ही सरळ फसवणूक आहे, आणि ती मेरठच्या कारागिराचीही अवहेलना आहे. त्या शेलला स्वतःचा इतिहास आहे. नाव माहीत नसेल तर भोकात बिल्ल्याविना साधे आयलेट बसवावे. भोकाची कडा सुरक्षित राहते आणि ड्रम खोटे बोलत नाही.

बसवून झाल्यावर पाने चढवून, एकेक स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळून ड्रम सुरात आणावा. मग स्नेअरच्या तारा सोडून मधोमध आणि काठाशी जोरात वाजवावे. बिल्ल्याच्या बाजूने बारीक झीं ऐकू आली तर आयलेट अजून ढिले आहे, पाने उतरवून बोल्ट पुन्हा लावावा आणि नट पाव फेरा आवळावा. आठ दिवस वाजवल्यावर आणि पहिल्या लांबच्या प्रवासानंतर पुन्हा तपासावे. काढलेले जुने आयलेट, तुटक्या चुका, बिल्ल्याचा टवका, हे सगळे लहान पाकिटात घालून त्यावर ड्रमचे वर्णन लिहावे आणि ते पाकीट ड्रमच्या पेटीत ठेवावे. पुढच्या वेळी मूळ माप काढायला हेच तुकडे उपयोगी पडतात.